राहून गेलेला ढावलो

लाइपझिग
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय मिस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. हे फोनवर सांगणार होते, पण फोनवर तुम्ही आधी हवामान विचारता, मग गळा कसा आहे विचारता, आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून पत्र.

जानेवारीत मी भारतात येते आहे, आणि एकटी नाही. आमच्या ऑपेरागृहातल्या चौघी वादक बरोबर आहेत. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक सेलो. मुंबई आणि पुण्याचे कार्यक्रम ठरले. मी म्हटलं, मला तिसरा हवा, पुसदला. त्यांनी नकाशावर बोट फिरवलं आणि सेलोवालीनं विचारलं, तिथे हॉल आहे का? मी म्हटलं, त्या जिल्ह्यात माझ्या विमल मिस आहेत, हॉल होईल.

आता खरं काम. याडीला, म्हणजे माझ्या आईला, आणायचं आहे. चौदा वर्षांत तिनं मला एकदाही गाताना ऐकलेलं नाही. मी दोनदा आले तेव्हा तिनं भाकरी वाढली, डोक्यावरून हात फिरवला, पण गाण्याचं नाव काढलं नाही. माझ्या कार्यक्रमाचे व्हिडिओ मी माझ्या भावाच्या, बबलूच्या, मोबाइलवर पाठवते. तो म्हणतो, तू गायला लागली की याडी उठून गोठ्यात जाते. तिला हे गाणं विचित्र वाटत असणार. समोर उभी राहून गायले तर कळेल तिला.

पहिल्या रांगेतली मधली जागा तिची. बाकी हॉल रिकामा राहिला तरी चालेल.

तुमची
अंजू


यवतमाळ
९ सप्टेंबर २०२४

प्रिय अंजू,

अनेक आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं, मग शेजारच्या दिपालीला वाचून दाखवलं, मग दुपारी पुन्हा एकदा एकटीनं.

तुला आठवत नसेल, तू नऊ वर्षांची होतीस. तुझे वडील लालसिंग तुला कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर सोडून निघाले होते. फाटकाबाहेर पडून ते पार रस्त्याच्या वळणावर पोचले, आणि तू व्हरांड्यातून त्यांना हाक मारलीस. सिस्टर बेनेडिक्टा पियानो वाजवत होत्या. त्यांचे हात थांबले. 'कोण आहे ती?' मी म्हटलं, नवी मुलगी, तांड्यावरची. त्या म्हणाल्या, उद्यापासून कॉयरमध्ये. तुझे वडील तिकडे वळणावर थांबून वळून बघत होते. इतक्या लांबून त्यांना हाक पोचली होती. मी तेव्हा चाळिशीची, लहानपणी त्याच पियानोवर शिकलेली, तिथेच गाणं शिकवणारी. पण असा गळा मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

पुसदचं नाट्यगृह अठरा जानेवारीला, शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता मिळालं आहे. ध्वनिव्यवस्था बघणारा कपिल नावाचा तरुण आहे. त्याला मी सांगितलं, ही गायिका सोप्रानो आहे, म्हणजे बायकांतला सगळ्यात वरच्या पट्टीचा आवाज. ती माइक वापरत नाही. तो म्हणाला, 'मॅडम, माइक नाही लावला तं लोकं मले शिव्या देतीन. म्हणतीन, कपिलचं मशीन बिघडलं.' बराच वेळ वाद झाला. शेवटी असं ठरलं, की एक माइक स्टेजवर उभा राहील, पण बंद. तो कपिलच्या अब्रूसाठी.

तुझ्या आईकडे मी स्वतः जाईन. त्या येतील. तू गळ्याकडे लक्ष दे.

तुझी
विमल मिस


लाइपझिग
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय मिस,

बंद माइकची गोष्ट मी चौघींना सांगितली. सेलोवाली म्हणते, आमच्याकडेही काही गायकांना असंच बंद ठेवायला हवं.

कार्यक्रम असा आहे. पहिल्या भागात त्या चौघी एकट्या वाजवतील, मग मी चार छोटी गाणी म्हणेन. मध्यंतरानंतर एका जुन्या इटालियन संगीतिकेतला विलाप. एक मुलगी घर सोडून परक्या गावात आली आहे, ओळखीचं कुणी नाही, ती एकटी बसून रडते आहे. आणि त्यानंतर लगेच ते आनंदाचं, शेवटी वरचा सूर असलेलं. मिस, ज्या सुरासाठी तुम्ही मला पाच वर्षं शाळेच्या घंटेआधी उठवलंत, तोच. तेव्हा तो लागत नव्हता. आता लागतो. तुमच्यासमोर लावायचा आहे.

याडी काय म्हणाली ते लवकर कळवा.

तुमची
अंजू


यवतमाळ
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय अंजू,

दिवाळीचे आशीर्वाद. कामं जोरात आहेत. नाट्यगृहातल्या मागच्या खुर्च्या करकरतात. चौघी हळू वाजवतील तेव्हा ते ऐकू जाईल, म्हणून तेल द्यायला लावलं. कॉन्व्हेंटच्या नव्या सिस्टर चाळीस मुलींना घेऊन येणार आहेत. मुलींना मी दोन तास शिकवलं, की दोन सुरांच्या मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नसतात. एकीनं विचारलं, मग संपलं हे कसं कळणार? मी म्हटलं, मी वाजवीन तेव्हा. वीज गेली तर जनरेटर इमारतीच्या मागे, लांब ठेवायचा आहे. दिपालीच्या सासरकडून झेंडूच्या माळा येतील.

तुझ्या आईकडे जाऊन आले. कापसाची वेचणी सुरू आहे. तब्येत चांगली आहे. चहा दिला.

थंडीत गळ्याला रुमाल बांधत जा.

तुझी
विमल मिस


लाइपझिग
२२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मिस,

तुम्ही खुर्च्यांच्या तेलावर इतकं लिहिलंत, टाळ्यांवर इतकं, जनरेटरवर इतकं. आणि याडीवर चार वाक्यं, त्यांतलं एक चहाचं.

तुम्ही आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नाहीत, त्यामुळे तुम्हालाही ते जमत नाही. ती नाही म्हणाली ना? कारण काय सांगितलं? मला खरं कळलं पाहिजे. हा सगळा दौरा मी त्या एका संध्याकाळसाठी जुळवला आहे. चौघींनी जानेवारीतले दुसरे कार्यक्रम सोडले आहेत. याडी येणार नसेल तर मी मुंबईला गाईन, पुण्याला गाईन आणि परत येईन. ज्या गावापासून माझी आई अकरा किलोमीटरवर आहे आणि घरात बसून आहे, त्या गावात मला गाता येणार नाही.

अंजू


यवतमाळ
१० डिसेंबर २०२४

प्रिय अंजू,

लिहिते. आधीच लिहायला हवं होतं.

मी गेले तेव्हा तुझ्या आई, बिजलीबाई, शेतात होत्या. कमरेच्या ओटीत कापूस, आणि हात एका बोंडावरून दुसऱ्यावर. मी बोलत होते तेवढा वेळ त्यांनी वेचणं थांबवलं नाही. कार्यक्रमाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, येणार नाही. मी विचारलं, का? तेव्हा त्या पहिल्यांदा सरळ उभ्या राहिल्या.

चौदा वर्षांपूर्वी तू परदेशी निघालीस त्या सकाळचं त्यांनी सांगितलं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, अंजू. तुमच्यात नवरी निघताना ढावलो होतो एवढं मी ऐकून होते. पण मुलगी एकेका बाईच्या गळ्यात पडून सुरात रडते, शब्द तिथल्या तिथे जुळवते, आणि जिच्या गळ्यात पडली तिनंही तसंच सुरात उत्तर द्यायचं असतं, हे मला त्या दिवशी शेतात कळलं. तीस वर्षं गाणं शिकवलं, तांड्यावरच्या मुली शिकवल्या, आणि कधी विचारलं नाही.

त्यांचे शब्द जसेच्या तसे देते. 'तिचं लगन नव्हतं, मले समजते. पण एवढ्या दूर जाऊन राह्यली होती, तं आम्ही म्हटलं, पोरीले रीतीनं काढू. आमच्या तांड्यातल्या बुढ्या रुपीबाईनं पहिला सूर लावला. मी पोरीले गळ्यात घेतलं. मी म्हणून राह्यली, म्हणून राह्यली, अन् ते लाकडासारखी उभी. डोयात पाणी नाही, तोंडातून आवाज नाही. साऱ्या तांड्याच्या बाया पाहून राह्यल्या. जे पोर माह्या गळ्यात पडून रडली नाही, तिचं गाणं मी कायले ऐकू?'

आदल्या संध्याकाळी मी तुला फोन केला होता. तीन दिवसांवर तिकडच्या संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा होती. रडल्यावर गळ्याला सूज येते, सूर चिरतो, हे मला सिस्टरनी शिकवलं आणि मी तुम्हा सगळ्यांना. मी तुझ्याकडून वचन घेतलं होतं: काही झालं तरी रडायचं नाही.

तू माझा शब्द पाळत होतीस, आणि तुझी आई गळ्यात घेऊन उभी होती.

हे मी बिजलीबाईंना तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. धीर झाला नाही. चहा घेतला, पिशवी उचलली आणि बसस्टँडवर आले. तुला न लिहिण्याचं कारणही तेच.

पुसद रद्द करू नकोस. मी पुन्हा जाते.

विमल मिस


लाइपझिग
२६ डिसेंबर २०२४

प्रिय मिस,

सगळा दोष उचलून नेऊ नका. माझ्या वाट्याचा मला राहू द्या.

तुमचं वचन मोडता आलं असतं. रुपीबाईनं सूर लावला तेव्हा माझ्या पोटातून तो आपोआप वर येत होता. मी तो तिथेच दाबला. मला कळलं होतं, की एक सूर दिला तर मी गाडीत बसणार नाही. आणि दुसरं, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. गाडीत माझी पुण्याची मैत्रीण बसली होती. ती काचेतून बघत होती. वीस वर्षांची होते मी, मिस. मला लाज वाटली. तुमचं वचन मला फार सोयीचं पडलं.

पुसद रद्द करत नाही. याडी आली नाही तरी गाईन. पण तिला आणण्यासाठी तिच्या पाया पडू नका. तिला ते आवडायचं नाही.

तुमची
अंजू


यवतमाळ
२० जानेवारी २०२५

प्रिय अंजू,

तू परवा स्टेजवरूनच तांड्यावर गेलीस आणि मी शेवटच्या बसनं यवतमाळला परतले. आपलं बोलणं झालंच नाही. हे पत्र पुण्याच्या पत्त्यावर पाठवते. तू दिव्यांच्या उजेडात होतीस. मी शेवटच्या रांगेत होते. तुला तिथून न दिसलेलं लिहिते.

चार तारखेला मी पुन्हा तांड्यावर गेले होते. वचनाचं सगळं सांगितलं. तुझ्या मैत्रिणीचं सांगितलं नाही. ते तुझं तू सांग. बिजलीबाईंनी ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला. मग म्हणाल्या, 'तुम्ही मास्तरीन. तुम्हाले तुमचं बरोबर वाटलं. पण आम्हाले एक डाव विचारा लागत होतं.' मी म्हटलं, हो. विचारायला हवं होतं. येते म्हणाल्या नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी पाचपर्यंत हॉल भरला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी. तू आलीस, तुझी नजर तिच्यावर गेली, आणि तू पहिलं गाणं तरीही नीट उचललंस. कपिल माझ्याजवळ उभा होता. दोन ओळी झाल्यावर तो त्याच्या बंद माइककडे बघून म्हणाला, 'मॅडम, हे तं मशीनले बेकार करून टाकीन.'

मध्यंतरात बाहेर बबलूचा पिकअप थांबला. त्यातून अकरा बाया उतरल्या. सगळ्यांत आधी रुपीबाई, अंगभर जुना पेहराव, दंडापर्यंत बलिया, त्या पांढऱ्या बांगड्या. शेवटी तुझी आई. मी त्यांना पुढे न्यायला गेले तर म्हणाल्या, 'मी ऐकाले नाही आली. रुपीबाईले आणाले आली.' मग त्या मागेच बसल्या, माझ्या शेजारी. मी हळूच सांगितलं, इथे गाणं चालू असताना आवाज करत नाहीत. रुपीबाईनं दोन्ही हात छातीशी आवळून धरले, बलिया वाजू नयेत म्हणून. ऐंशीच्या वर वय. विलाप संपेपर्यंत तशाच बसल्या होत्या.

तू विलाप म्हटलास. कसा म्हटलास ते मी तुला शिक्षिका म्हणून कधीतरी सांगेन, आत्ता नाही. टाळ्या झाल्या. तुझ्या आईनं वाजवल्या नाहीत. मला विचारलं,

'हे रडून राह्यली ना?'

मी म्हटलं, हो.

'कोणापाशी?'

मी कुजबुजत सगळी कथा सांगितली. परकं गाव आहे, त्या मुलीचं तिथे कुणी नाही, म्हणून ती एकटीच रडते.

'अन् हे एवढे लोकं नुसते पाहून राह्यले?'

आणि त्या उठल्या.

मधल्या वाटेनं त्या कशा चालत गेल्या ते तू पाहिलंस. कपिल अडवायला पुढे झाला होता. चेहरा पाहिला आणि बाजूला सरकला. पायऱ्या चढून त्या तुझ्यासमोर उभ्या राहिल्या. हात पसरले नाहीत. फक्त खांद्यावरचा पदर सारखा केला. तू त्यांच्या गळ्यात पडलीस, आणि जो सूर निघाला तो मी शिकवलेला नव्हता. शब्द तुमच्या गोरबोलीतले होते, मला समजले नाहीत. बिजलीबाई उत्तर देत होत्या. मग माझ्या अगदी कानाशी रुपीबाईनं आवाज लावला. मी दचकले. तो म्हातारा आवाज सरळ स्टेजपर्यंत गेला. मग बाकीच्या बाया. त्या चौघींनी वाद्यं मांडीवर ठेवून माना खाली घातल्या. हॉलमध्ये कुणी जागचं हललं नाही. माझ्या चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या, टाळ्या कधी वाजवायच्या म्हणून. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

त्यानंतर तुझ्या गळ्यातून काही निघणं शक्य नव्हतं. तू सेलोवालीकडे बघून मान हलवलीस. आनंदाचं गाणं राहिलं. त्या चौघींनी संथ काहीतरी वाजवून कार्यक्रम संपवला. तो वरचा सूर मी ऐकला नाही. त्याबद्दल मी अर्ध्या यवतमाळला सांगून ठेवलं होतं.

परत येताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंना मी आपण होऊन सांगितलं, की आज पुसदला गायली ती माझी विद्यार्थिनी. त्यांनी विचारलं, काय गायली? मी म्हटलं, ते तिच्या आईनं शिकवलेलं होतं. आणि हे सांगताना, अंजू, मी ताठ बसले होते.

तुझी
विमल मिस


मुंबई
२७ जानेवारी २०२५

प्रिय मिस,

तुमचं शास्त्र खरं आहे. रडल्यावर गळा बसतो. तांड्यावर दोन दिवस मी कुजबुजून बोलत होते, आणि पंचवीस तारखेला पुण्यात तो वरचा सूर लागला, पण कडेला चिरला. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान वाकडी केलेली मला दिसली. मला हसू आलं. परवा मुंबईत तो नीट लागेल. बबलू तुम्हाला व्हिडिओ दाखवेल.

याडीला मैत्रिणीचं सांगितलं. गाडीतून ती बघत होती, मला लाज वाटली, हे. याडी भाकरी थापत होती. म्हणाली, मला ठाऊक आहे, मीही त्या पोरीला पाहिलं होतं. चौदा वर्षं तिनं ते पोटात ठेवलं, मिस. तुम्हालाही सांगितलं नाही. तुमच्याजवळ माझी तेवढी बाजू तिनं राखली.

तांड्यावर चेष्टा चालली आहे. रुपीबाई म्हणते, नवरदेव नाही, वरात नाही, आणि ढावलो झाला तो नाट्यगृहात. असं आमच्या सात पिढ्यांत कुणाचं झालं नाही. ती हे तक्रारीसारखं सांगते आणि भेटेल त्याला सांगते.

निघायच्या सकाळी मी याडीला पुन्हा मिठी मारायला गेले. यावेळी गळ्याची पर्वा नव्हती. तिनं मला हातानं लांब केलं. ती गोरबोलीत बोलली, मराठीत ते साधारण असं होईल: 'झालं ते. ढावलो एकदाच होतो. इतकी वर्षं तू नुसती दिसत नव्हतीस. आता तू रीतीनं गेलीस. आता ये, जा, काय वाटेल ते कर.' आणि ओटी बांधून ती शेतात गेली.

बबलूची गाडी शेताच्या कडेनं निघाली तेव्हा मी काच खाली केली. ती कापसाच्या ओळीत वाकली होती आणि पुढच्या ओळीतल्या बायांना मोठ्यानं सांगत होती, की माझी पोर रडली तेव्हा अख्खं पुसद उठून उभं राहिलं.

कुणीही उभं राहिलं नव्हतं, मिस. मी काच वर केली आणि तिला सांगू दिलं.

तुमची
अंजू